काळ्या किनाऱ्यावरचा जीवखडा

विमान हिलोला उतरू लागलं तेव्हा आधी समुद्र दिसला, मग गच्च हिरवं रान आणि त्या रानातून थेट पाण्यापर्यंत गेलेला काळा पट्टा. “बाबा, दॅट्स द लाव्हा,” माझी मुलगी मीरा म्हणाली. माझ्या खिशात रुमालात गुंडाळलेला एक दगड होता.

हा माझ्या पत्नीचा, वसुधाचा, जीवखडा. दहनानंतर मृताच्या नावाने एक खडा ठेवतात आणि दहाव्या दिवशी तो वाहत्या पाण्यात सोडतात. आम्ही राहतो चँडलरला, ॲरिझोनाच्या वाळवंटात; मीरा तिथल्याच शाळेत शिकवते. फ्युनरल होममध्ये खडा कुठून आणणार? फोनवरून विधी सांगणारे गुरुजी म्हणाले, आसपास मिळेल तो घ्या. मी पार्किंगच्या कडेला शोभेसाठी टाकलेल्या काळ्या खडीतला एक उचलला. दहाव्या दिवशी जवळची नदी कोरडी होती, म्हणून खडा पाच महिने माझ्या पुस्तकांच्या फळीवर राहिला. “इट्स अ पार्किंग लॉट रॉक, बाबा,” असं मीरा एकदा म्हणाली. त्यानंतर आम्ही त्याविषयी बोललो नाही.

अमेरिकेत येण्याआधी वसुधा पुण्यात भूगोल शिकवायची. सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा, हे ती दरवर्षी नव्या उत्साहाने सांगे. जिथे जमीन अजून तयार होते आहे ती जागा मात्र तिची बघायची राहिली. म्हणून खडा इथल्या समुद्रात सोडायचं मी ठरवलं होतं.

हवाई बेटांतल्या सर्वांत मोठ्या बेटाचा पूर्वेकडचा कोपरा म्हणजे पुना. पुणेकराला हे नाव वाचून हसू येतंच. पाऊस भरपूर, पण नदी एकही नाही. सच्छिद्र खडक सगळं पाणी पिऊन टाकतो. त्यामुळे प्रत्येक घराशेजारी छपरावरचं पाणी साठवायची मोठी टाकी. मूळ हवाईयन लोकांबरोबर इथे उसाच्या मळ्यांवर आलेल्या जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज मजुरांची नातवंडं-पतवंडं राहतात. ज्वालामुखीच्या उतारावर इतके लोक का राहतात, हे मला कळेना.

आमच्या मुक्कामाच्या घरमालकीण सत्तरीच्या आँटी मोमी. इथे वयाने मोठ्या बाईला आँटीच म्हणतात, आपल्याकडे मावशी म्हणतात तसं. सकाळी त्यांनी भात, अंडं आणि लिंबू पिळलेली पपई वाढली आणि आम्हाला किनारा दाखवायला स्वतःच गाडी काढली.

“सिल्व्हांच्या घरापाशी डावीकडे वळायचं,” त्या म्हणाल्या. समोर नुसता पाहोएहोए (दोरखंडासारख्या वळ्या पडून थिजलेला लाव्हा) पसरला होता.

“घर कुठे आहे?” मी विचारलं.

“खाली.” त्या खळखळून हसल्या. “माझं त्याच्या पलीकडे. आत्ता आपण माझ्या स्वयंपाकघरावरून गेलो.”

“मग परत का आलात?”

“परत? मी कुठे गेले होते? गेलं ते घर.”

खडकाच्या भेगांतून ओहियाची (लाव्हावर सर्वांत आधी उगवणाऱ्या झाडांपैकी एक) वीतभर रोपं वर आली होती. वसुधाने गाडी थांबवायला लावली असती. मीच थांबवायला लावली.

किनारा नवाच होता. लाव्हा समुद्रात शिरला, लाटांनी तो फोडून गोटे केले, आणि त्या गोट्यांचाच किनारा झाला. आँटी गाडीजवळ थांबल्या. मी पाण्याशी बसलो, रुमाल सोडला, खडा खाली ठेवला आणि तिळाची पुडी उघडू लागलो. लाट आली. मी दचकून मागे झालो. पुन्हा पाहिलं तर समोर हजारो काळे दगड, आणि त्यातला वसुधाचा कोणता ते कळेना.

मी एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. मीरा धावत आली, मागून आँटी. मीराने त्यांना सगळं सांगितलं.

“एवढ्या दगडांत तुम्ही आणखी एक दगड घेऊन आलात!” आँटी म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. “इथला दगड आम्ही नेऊ देत नाही आणि बाहेरचा ठेवू देत नाही. शोधायलाच हवा. बाईंचं नाव काय?”

मी सांगितलं. त्या गुडघे टेकून बसल्या. “कम ऑन, वसुधा हनी, इतक्या लांबून नवरा आलाय.”

मी वरून निरखत होतो. मीरा मात्र प्रत्येक दगड उलटा करून पाहत होती. अर्धा तास गेला असेल.

“बाबा. हा.”

तिच्या तळहातावरच्या खड्याच्या खालच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा रंग होता.

“पार्किंगच्या लाइनचा पेंट,” ती म्हणाली.

“तुला कसं माहीत?”

“तू वॉकला गेलास की मी घेऊन बसायचे. एव्हरी डे, ऑलमोस्ट.” तिने खडा पुन्हा उलटा केला. “यू नेव्हर टर्न्ड इट ओव्हर, बाबा.”

पाच महिन्यांत मी तो एकदाही उलटा करून पाहिला नव्हता. घरात वसुधावाचून राहणारं आणखी एक माणूस आहे, हेही मी पाहिलं नव्हतं.

“सोडायचा?” तिने विचारलं.

“तू सांग.”

तिने मूठ मिटली. आँटी कपडे झटकत उठल्या आणि म्हणाल्या, “चला, भूक लागली.”

परतीच्या विमानात खिडकीची जागा मीराकडे होती आणि खडाही. चँडलरला येऊन महिना झाला. विधी अपुरा आहे, गुरुजींना अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळचं फिरणं मी तासभर पुढे ढकललं आहे. मीरा शाळेतून शिकवून येते, चहा होतो, आणि आळीपाळीने आम्ही तो हातात घेऊन बसतो. ती आईविषयी विचारते, मी सांगतो. काही गोष्टी तीच मला सांगते.