दुसऱ्या गिअरमधली फुलं

मोटार शिकवण्याच्या धंद्यात शिक्षकाची जागा डावीकडे असते. पायाशी जादा क्लच आणि जादा ब्रेक, समोर कायम मरण, आणि हातांना काम काहीच नाही. अशा जागी बसून माणूस एकतर देवभोळं होतं, नाहीतर खिडकीबाहेर बघायला लागतं. क्लच मावशी खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर रस्त्याची कड होती आणि कडेला रानफुलं होती. समुद्र असता तर तिने मासे ओळखले असते.

कोर्टाच्या इमारतीपासून जुन्या खाणीपर्यंतचा एकच रस्ता तिने निम्मं आयुष्य शिकवला. त्यामुळे तिच्या डोक्यात वनस्पतिशास्त्र आणि वाहनचालन यांची कायमची सोयरीक जमली होती. सोनकी कुठे? चढावर, जिथे शिकाऊची गाडी हमखास मागे घसरते. कुर्डू? सिमेंट डेपोच्या भिंतीलगत, रिव्हर्सच्या जागी. तेरडा मोरीच्या ओलसर सावलीत, जिथे हॉर्न वाजवायचा असतो आणि शिकाऊ वायपर लावतो. हे सगळं तिने दुसऱ्या गिअरमध्ये, बसल्या जागेवरून पाहिलेलं. खाली उतरायची सोय नव्हती. शिकाऊला गाडीत एकटं सोडलं की त्याला आत्मविश्वास येतो.

ही विद्या सांगायची कोणाला? शिकाऊंना फूल दाखवलं की ते गाडी फुलाकडे नेत. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, त्याचं म्हणणं, "जे टिकटिक करत नाही ते मला दाखवू नकोस." बहीण फोनवर सगळं ऐकून घेई आणि विचारी, "बरं, आणि जेवलीस का?" मावशीला हवं होतं ते एवढंच, की फुलावरून हुज्जत घालणारं एखादं माणूस भेटावं.

शिवाय तिच्यापाशी एक शोध होता. खाणीच्या वळणावर, झुडपात, तिची एक भारंगी होती. निळीजांभळी, आणि बारा महिने फुललेली. भारंगी पावसाळ्यात फुलते हे मावशीलाही ठाऊक होतं. म्हणून तर तो शोध.

शहरात एक रानफूल मंडळ होतं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. फुलाकडेही ते 'आ करा' अशा नजरेनेच बघत. मंडळात यायचं तर दहा फुलं दाखवायची, त्यातली निदान आठ बरोबर ओळखायची, आणि सगळी इथली हवीत. घाणेरी, कॉसमॉस असली बाहेरून येऊन माजलेली मंडळी जमेत धरत नसत.

पावसाळा सरता सरता एका रविवारी मावशी त्यांच्याबरोबर टेकडीवर गेली. सगळे गुडघ्यांवर, डोळ्याला भिंग. डॉक्टरांनी बोट दाखवलं, "हे काय?"

मावशी वाकली. नाकाच्या टोकाशी काहीतरी पिवळं. इतक्या जवळून तिने नवऱ्यालाही बघितलं नव्हतं.

"जरा हलवता का?"

"फूल हलवू?"

"राहू द्या, मीच हलते." आणि ती मान डावीकडे वळवून फुलावरून दुडक्या चालीने दोनदा गेली. "टाकळा!"

"सोनकी," रसायनाच्या बाई म्हणाल्या. या निवृत्त शिक्षिका. अध्यक्षांना उलट बोलण्याचा मान मंडळात त्यांचा.

"डॉक्टर, अहो, माझी परीक्षा गाडीत घ्या. सगळी ओळखते."

"मंडळ आहे हे मावशी, टॅक्सी नाही."

"घ्या हो गाडीत," डॉक्टरांची बायको म्हणाली. ती मावशीकडेच शिकत होती आणि लायसन्सच्या परीक्षेत दोनदा आपटली होती. "तेवढाच माझा सराव."

तर डॉक्टरांची बायको, म्हणजे मंडळाच्या वहिनी, स्टिअरिंगवर, मावशी डावीकडे, परीक्षक मागे.

"कुर्डू!" मावशी ओरडली.

"कुठे?"

"गेला."

असं दोनदा झाल्यावर डॉक्टरांनी खिशातून कापसाचे बोळे काढले, उडू नयेत म्हणून बाटलीतल्या पाण्यात बुडवले आणि मावशीने नाव घेतलं की एकेक खिडकीतून टाकायला लागले. "येताना सगळे उचलायचे हं," रसायनाच्या बाईंनी बजावलं. खाणीपाशी गाडी लावली आणि परीक्षक रिक्षाने कोर्टापर्यंत मागे जाऊन तिथून बोळे तपासत पायी खाणीकडे निघाले. मावशी मागोमाग. वहिनी गाडीतच बसून ब्रेक कुठला ते आठवत होत्या.

कुर्डू बरोबर. तेरडा बरोबर. टाकळा, सोनकी, सगळी जागच्या जागी. एक नारिंगी मात्र कॉसमॉस निघाला. मग खाणीचं वळण आलं. मावशीने पदर सावरला. डॉक्टरांनी झुडपात हात घातला आणि भारंगी ओढून बाहेर काढली. तिच्यावर गाद्यांच्या दुकानाचा फोन नंबर होता.



"बारमाही," रसायनाच्या बाई गंभीरपणे म्हणाल्या. "त्यात काही खोटं नाही."

मावशीचे कान तापले. "तीन वर्षं सगळ्या शिकाऊंना दाखवतेय ही."

"म्हणजे दोन चुकली," डॉक्टरांनी पिशवी घडी करून खिशात घातली. "आता शेवटच्यावर सगळं."

शेवटचा बोळा गवतात पडला होता, शेजारी पिवळी फुलं. मावशी 'लहान कवळा' म्हणाली होती.

डॉक्टर भिंग लावून बराच वेळ बसले. "मोठा कवळा. देठावर केस आहेत."

"धूळ आहे ती," रसायनाच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही चष्मा पुसा आधी."

"अहो, मोठा इथे कसा येईल?" मावशीला राहवेना. "इथे पाणी साचतं. लहानाला ओल लागते. माझी गाडी दरवर्षी इथेच रुतते!"

"उतार आहे हा, मावशी."

"उतार? इथे हँडब्रेक न लावता गाडी उभी राहते. वहिनींना विचारा!"

वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्यांची गाडी कुठेच उभी राहत नाही. ऊन उतरलं तरी हुज्जत उतरेना. निकाल पुढच्या रविवारवर गेला. पुढच्या रविवारी पानं मोजली गेली, त्याच्या पुढच्या रविवारी रसायनाच्या बाईंनी डॉक्टरांना 'कवळीवाले' म्हटलं आणि दिवस वाया गेला. मावशी प्रत्येक वेळी हजर. वादातली एक बाजूच ती, तिच्याशिवाय भागणार कसं? नवऱ्याने विचारलं, "झालीस का सभासद?"

"कुठलं काय, भांडण चालू आहे," ती म्हणाली आणि गुणगुणत आत गेली.

शेवटी डॉक्टरच दमले. एका सकाळी टेकडीच्या पायथ्याशी ते म्हणाले, "जाऊ द्या मावशी. लहान कवळा, तुमचंच खरं. तुम्ही पास. विषय संपला."

मावशीचा चेहरा पडला.

"संपला कसा, डॉक्टर?" ती म्हणाली. "आणि देठावर ते केस होते, त्यांचं काय?"