हवालदारकाका आणि सकाळी आठचा फोन

हवालदारकाका गेल्याचं त्यांच्या मुलीनं, नंदानं, मला साताऱ्याला फोन करून कळवलं. त्याला आता दीड महिना झाला.

विश्रामबागेत काकांचं एसटीडी बूथ, मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर. परदेशातल्या मुलांनी वेबपानावर फोनची वेळ नोंदवायची, आम्ही ती चिठ्ठीनं आईवडिलांना कळवायची आणि त्यांनी बूथवर येऊन फोन घ्यायचा, अशी त्यांची कल्पना. ते पान आणि त्यामागचा डेटाबेस करायला त्यांनी मला ठेवलं. मी इंग्रजी शाळेतली, तोंडातल्या तोंडात बोलणारी. "इंग्रजीत बोला मॅडम, पण बोला!" ते चिडवायचे.

पहिली नोंद शिकागोहून आली : रविवार, सकाळी आठ. मी तशीच साठवली, तशीच छापली. इस्लामपूरच्या आक्का पहिल्या एसटीनं आल्या, दुपारपर्यंत बसल्या आणि डोळे पुसत परतल्या. दोन वर्षांनी मुलाचा आवाज ऐकायला मिळणार होता त्यांना. फोन वाजला संध्याकाळी साडेसहाला... तिकडे तेव्हा सकाळचे आठ.

मी राजीनामा लिहिला. काकांनी तो वाचून माझ्याच हातात दिला. "टाइम बरोबर हाय की तुजा. घड्याळ कुणाचं, त्याचा पत्ता न्हाई." तरुणपणी ते फौजेच्या सिग्नल तुकडीत संदेश पाठवायच्या कामावर होते, शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत. "मनगटावर काय बी वाजू दे, संदेशावर सगळ्यांचा एकच टाइम. ग्रिनिचचा."

मग मी पानावर मुलाचं गाव विचारू लागले. त्याची तारीख-वेळ ग्रिनिचच्या वेळेत बदलून साठवायची, चिठ्ठी छापताना साडेपाच तास मिळवायचे. पण आक्का पुन्हा येतील का?

पुढच्या रविवारी साडेसहाची चिठ्ठी घेऊन त्या संध्याकाळी सहालाच हजर. "आवं हवालदार, आज तरी वाजंल न्हवं?"

"न वाजून जातोय कुटं! मॅडमनी अमेरिकेचं घड्याळ धरून आणलंय."

साडेसहाला वाजला. आक्का आधी रडल्या, मग ओरडल्या, "आत्ता उठलास? ही काय उठायची येळ हाय व्हय रं?"

काकांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, दार लोटलं आणि बाहेर उभे राहिले. येईल त्याला सांगत होते, "लाइन खराब हाय."

गेल्या आठवड्यात मी बूथवर गेले. नंदा बाहेर उभी होती. आत काकांच्या खुर्चीत कुणी म्हातारे गृहस्थ फोनवर हसत होते. मला पाहून ती हळूच म्हणाली, "थांब जरा. लाइन खराब आहे."