धोंडूबुवांची कॅसेट आणि लाल बटण

माझा आवाज आमच्या वाडीनं पहिल्यांदा ऐकला तो भोंग्यावरून. लग्न होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

मी काही मुकी नव्हते. घरात बोलायचे, म्हशीशी तर पोटभर बोलायचे. पण घराबाहेरचं कुणीही, बाई असो की पुरुष, समोर दिसलं की माझी जीभ जी टाळूला चिकटायची ती ते दिसेनासं होईपर्यंत सुटायची नाही. वाडीतले बरेच जण मला खरंच मुकी समजत. (एकानं तर सासूबाईंना विचारलं होतं, "म्हातारे, बघून केलीस का फसवला तुला?")

पोलादपूरवरून आमच्या वाडीत यायला दीड तासाची चढण. तरी आमचं नाव खाली महाडपर्यंत होतं, ते नाच मंडळामुळं. शक्ती-तुऱ्याचा नाच. पायांत चाळ बांधून गडी गोल नाचतात आणि मधे बसलेला शाहीर समोरच्या शाहिराला गाण्यातून सवाल टाकतो, टोमणे मारतो. आमचे शाहीर होते धोंडूबुवा. ते सवाल टाकायला लागले की तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे शब्द फुटायचे. वाडीतून मुंबईला कामाला गेलेले आणि सणाला येणारे ते आमचे मुंबईकर, त्यांचे पुढारी तात्या म्हणायचे, "मुंबईला हल्ली पोरं अशीच भराभरा बोलतात, त्याला रॅप म्हणतात. आमच्या बुवांपुढं त्यांना धाप लागंल!"

आणि एक दिवस हे बुवा मंडळ सोडून गेले! नाव मंडळामुळं झालं की बुवांमुळं, एवढ्यावरून भांडण. गेले ते गेले आणि मुंबईत जाऊन एकट्याच्या नावाची कॅसेट काढली. वेष्टनावर फेटा बांधलेले एकटे बुवा आणि मागं धबधबा. वाडीला तो धबधबाच जास्त लागला. "पंधरा वर्षं मागं आम्ही होतो, आता पाणी बरा वाटला काय!"

लगेच बैठक बसली. ठरलं असं, की ज्याच्या घरात ती कॅसेट सापडेल त्याचं घर वाळीत. विस्तव बंद, पाणी बंद, बोलणं बंद. (बोलणं बंद याची मला एवढी भीती नव्हती. पाण्याची होती. विहीर वाडीची होती.) आणि हा ठराव मांडला कुणी? आमच्या ह्यांनी! कारण बुवांच्या जागी शाहीर म्हणून आता हेच बसणार होते. तोवर हे बुवांच्या मागं बसून ढोलकी वाजवायचे आणि झील धरायचे, म्हणजे बुवांची ओळ मागून उचलून म्हणायचे.

अशा घरात ती कॅसेट आणली माझ्या सख्ख्या बहिणीनं.

यमी महाडला दिलेली. होळीच्या दिवशी सकाळी आली. गडी होळीचं झाड आणायला रानात गेले होते, सासूबाई देवळापुढं सारवायला. यमीनं पावट्याच्या शेंगांच्या पिशवीत हात घातला आणि धबधबा बाहेर काढला.

"यमे, टाक तो घराबाहेर!"

"टाकते की. एक बाजू ऐकते नि टाकते."

"वाळीत टाकतील गो आमाला!"

"मग दार लाव."

मी दार लावलं. (ठरावाचा मान म्हणून खिडकीही लावली.)

मंडळाचा टेप आमच्याच घरात असायचा. त्यात ह्यांची कॅसेट होती. बुवांनी आता नवं मंडळ काढलं होतं आणि रंगपंचमीला त्यांच्याशीच आमचा सामना ठरलेला. त्यासाठी ह्यांनी पंधरा दिवस खपून गाणं रचलं होतं आणि गळा जपायचा म्हणून टेपमध्ये भरून ठेवलं होतं. ते दुपारी मुंबईकरांना ऐकवायचं, त्यांना पसंत पडलं तर हे शाहीर, नाही तर बाहेरून दुसरा शाहीर आणायचा. हे त्या दिवशी जेवलेही नव्हते. सकाळी पहिलं कडवं स्वतः ऐकलं, टेप तिथंच थांबवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "हात लावू नको हां."

आम्ही हात लावला. ह्यांची कॅसेट काढली, बुवांची घातली, आणि शेंगा सोलत दोघी कानात प्राण आणून ऐकत बसलो. बाजू संपत आली तोच अंगणात काहीतरी वाजलं. मी इतकी घाबरले, की बुवांना उपसून काढलं, ह्यांना आत कोंबलं आणि टेप नीट बंद राहावा म्हणून लाल बटण दाबलं. लाल म्हणजे थांबा, एवढं मला चौथीपर्यंत पक्कं शिकवलं होतं.

अंगणात शेळी होती. मग आम्ही निवांत बोलत बसलो.

"आता सांग, कशी वाटली?" यमीनं विचारलं.

"धार तीच. पण एकटे वाटतात गो. सवाल टाकतात नि मागं झील धरायला कोण नाय. भात हाय, कालवण नाय."

"माझा नवरा म्हणतो, मंडळात बुवा दबलं होतं, आता मोकळं झालं."

"मोकळं कसलं? रानात चुकलेल्या वासरावाणी आवाज येतोय."

"बरं, आणि तुमचा नवा शाहीर?"

चारचौघांत न निघालेले नऊ वर्षांचे शब्द माझ्या तोंडून एकदम निघाले. "ते? दुसऱ्या कडव्यात ते वर चढतात ना, तिथं म्हैस दावं तोडते. वरातीला घोडा मिळाला नाय म्हणून बैल उभा केलाय!"

"आणि मुंबईकरांनी पसंत केलं तर?"

"त्यांना काय कळतंय? त्या तात्यांची मान डोलते ती झोपेनं."

यमी हसून हसून शेंगांवर पडली. मग मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "पण ढोलकीवर बसले ना ते, की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मी उठत नाय. त्यांची ती बोटं बघत बसते."

"अगो बाय माझे!"

अशा गप्पा बराच वेळ चालल्या. मग टेपमधून 'खट्' आवाज आला आणि दोन बटणं एकदम वर उडाली. यमीचं हसू जागच्या जागी थांबलं.

"आक्का, लाल बटण कोणी दाबलं?"

"मी. बंद करायला."

"आक्का, ते भरायचं बटण हाय. आपण दोघी भरलो गो त्यात!"

"मग पुस!"

"पुसायला परत लाल दाबायचं नि जेवढं बोललो तेवढा वेळ गप बसायचं."

गप बसणं मला जमलं असतं. पण तेवढ्यात ढोल वाजला. झाड आलं होतं! यमीनं बुवांना शेंगांच्या पिशवीत टाकलं, "माझी गाडी हाय," म्हणाली आणि मागच्या दारानं उतरणीला लागली. सख्खी बहीण!

मी उरले. डोळ्यांपुढं वाडीची विहीर आणि तिच्यावरून रिकामा हंडा घेऊन परतणारी मी. कॅसेट चुलीत घालावी तर ह्यांचं उरलेलं पहिलं कडवंही चुलीत. शेवटी एक युक्ती सुचली. टेपमधले सेल काढले आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरले. सेल नाहीत म्हणजे गाणं नाही, झालं!

हे आले. टेप उघडून बघितला. "सेल कुठं गेलं गो?"

मी तोंड उघडलं. मग ते मिटून तांदळाच्या डब्यापुढं जाऊन उभी राहिले.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पोलादपूरचा भोंगेवाला आलाय. त्याच्या मोठ्या टेपवर लावू. चार वाड्यांना ऐकू जाऊ दे!"

घरच्या टेपवर दहा माणसांनी ऐकलं असतं. माझ्या हुशारीनं आता सगळं खोरं ऐकणार होतं!

देवळापुढं पुरुष मधे बसले, बायका कडेला. आंब्यावर भोंगा. भोंगेवाला तो नीट बांधायला वर चढलेला, म्हणून त्यानं वरून सांगितली ती बटणं दाबून ह्यांनी स्वतःच कॅसेट मागं नेली आणि लावली. पहिलं कडवं झकास गेलं. तात्यांनी मान डोलवली. मी डोळे मिटले.

"आता सांग, कशी वाटली?" भोंगा म्हणाला.

"सुरवात नवीन हाय," एक मुंबईकर कौतुकानं म्हणाला.

मग बुवांची कॅसेट, भात, कालवण, वासरू असं एकेक येत गेलं. म्हैस दावं तोडते इथपर्यंत आल्यावर ह्यांच्या हातातला रुमाल खाली पडला. "बंद करा रे!" तात्या ओरडले. पण त्या मोठ्या टेपचं बंद करायचं बटण कुठलं ते माहीत असलेला एकटा माणूस झाडावर होता. तो उतरेपर्यंत तात्यांची झोप झाली, दूध उतू गेलं आणि ह्यांची बोटंही सगळ्या खोऱ्याला कळली.

मग टेप थांबला.

"कोणाची बायको ही?" तात्यांनी विचारलं. "एक तर बुवांची कॅसेट ऐकते, वर आपल्या शाहिराची बोटं बघते!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मी बोलताना ह्यांचं नाव घेतलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? नुसतं 'ते' म्हटलेलं. आणि माझा आवाज कुणी कधी ऐकलेला नाही. म्हणजे ही कुणीतरी दुसऱ्याची बायको, आमच्या ह्यांच्यावर भाळलेली! सगळे गडी आपापल्या बायकांकडं बघायला लागले. शेजारची तारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "धीर धर गो. पुरुषाची जात अशीच."

तेवढ्यात तारीचा नवरा बाबू उठला. "तारे, परवा दूध कसा उतू गेला गो?"

"अवो, मी विहिरीवर होते!"

"ढोलकी ऐकत होतीस काय?"

तारी रडायला लागली. माझा हात तिच्या हातात होता.

तेव्हा सासूबाई उठल्या. "मेल्यांनो, दुसऱ्याच्या सुनंवर कशाला जाताव? आवाज माझ्या सुनंचा हाय. माझी सून मुकी नाय, भांडी घासताना येऊन ऐका!"

सगळे माझ्याकडं वळले. "मग बोल की गो," तात्या म्हणाले.

मी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"बघा," तात्या म्हणाले, "मुकीच हाय. म्हातारी ल्योकाची अब्रू झाकतेय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. पहिल्या शब्दालाच ह्यांनी माझा आवाज ओळखला होता, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी बोलले तर घर वाळीत आणि ह्यांची शाहिरी गेली. नाही बोलले तर तारी. हे उठले, रात्रीच्या कार्यक्रमासाठी मांडलेला माईक उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"ह्याच्यात बोल. तुझा आवाज लोकांना भोंग्यावरच वळखता येतो."

"मीच," मी म्हणाले.

आंब्यावरून "मीच" आलं आणि आवाज जुळला! तारीनं माझा हात झिडकारला, मग परत धरला. बाबू खाली बसला.

आता ठराव. शेवटी तात्या घसा खाकरून म्हणाले, "वाळीत टाकायचा तर शाहिराचंच घर. मग पंचमीला सवाल कोण टाकणार, म्हैस?" पंचमीला पाच दिवस होते आणि दुसरा शाहीर आणायला वेळ नव्हता. ठराव मागं घेतला गेला आणि ह्यांना पसंत केलं गेलं, दोन्ही एकाच दमात. (बैठक मोडली तेव्हा एक मुंबईकर हळूच विचारत होता, "वहिनी, ती बुवांची कॅसेट एक दिवस मिळंल काय?")

पण माझी खरी भीती घरी होती. हे तीन दिवस एक अक्षर बोलले नाहीत. ताट पुढं ओढायचे, जेवायचे, उठायचे. ओरडले असते तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी सकाळी मी दूध काढत होते. हे गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले, म्हशीकडं बघत.

"दुसऱ्या कडव्यात खरंच पडतो काय गो मी?"

हाच तो क्षण होता. एवढं सगळं होऊनही माणूस रागवायला नाही, विचारायला आला होता. खरं सांगायचं, की कडवं खाली उतरून म्हणा, वर चढू नका. शब्द ओठांवर होते. पण मी म्हणाले, "छे! झकास लागतो."

पंचमीला हे दुसऱ्या कडव्यात वर चढले आणि वरच राहिले. खाली आला तो नुसता खोकला. समोर धोंडूबुवांना हसू आवरेना, आणि खरं सांगते, मला त्याही वेळी वाटलं, ह्या दोघांना कुणीतरी परत एकत्र बसवा रे!

हे घरी आले. तांदळाच्या डब्यातून सेल काढले, टेपमध्ये घातले.

तेव्हापासून माझं मत घ्यायची आमच्या घरात एकच रीत आहे. गाणं असो, गाय विकायची असो की धाकट्या लेकीचं स्थळ असो, हे मला काही विचारत नाहीत. टेप माझ्यापुढं ठेवतात, लाल बटण दाबतात आणि म्हशी घेऊन रानात निघून जातात.