सकाळचं पहिलं पॅनेल

कंपनीतल्या दत्ताभाऊंच्या घरून परतताना दर वेळी हे ओठांवर येतं, आणि दर वेळी मी गिळून टाकते. नवऱ्यालाही कधी बोलले नाही. तुम्हाला सांगते.

चाकणला आमच्या कंपनीत घरांसाठी पॅनेल बनतात — दोन पत्र्यांच्या मध्ये फोम, जाडी चार बोटं. मी ती तपासते. लातूरकडे पत्र्याच्या खोलीत वाढलेली मी. उन्हाळ्याच्या दुपारी तिथे जीव कसा कासावीस होतो, ते मला कुणी शिकवायला नको. कामाला लागले त्या आठवड्यात, एका बाजूने हीटरने तापवलेल्या पॅनेलच्या दुसऱ्या बाजूला मी तळहात ठेवला — गार. चार बोटांत एवढं ऊन अडतं? आईला हे दाखवायला हवं होतं, असं वाटून डोळे भरून आले. ते नवल अजून ओसरलेलं नाही, आणि म्हणूनच लाज जास्त वाटते.

थंडीत पॅनेल दाबून घडवणारं प्रेस मशीन नीट तापायच्या आत निघालेलं पहिलं पॅनेल आम्ही बाजूला ठेवतो. त्यात फोम पुरता फुगत नाही, आत पोकळ्या राहतात — वरून पत्रा मात्र चकाचक. ते गाडीत चढवायचं नाही, हे ठरलेलं.

प्रेसवर काम करणाऱ्या दत्ताभाऊंनी मोशीला गच्चीवर आईसाठी खोली बांधायला घेतली. पॅनेल आमचीच. माल निघाला ते थंडीचे दिवस, आणि त्या दिवशी ते सुट्टीवर होते. गाडी भरून उभी, आणि एक पॅनेल कमी. नवं काढायचं तर तासभर थांबावं लागणार, आणि माझी घरी जायची बस चुकणार. एवढंच कारण. मी सकाळच्या पहिल्या पॅनेलवर 'पास'चं स्टिकर लावलं.

इथवर तुम्ही कदाचित समजून घ्याल. पण पुढचं?

मे महिन्यात खोली बघायला गेले. गच्चीवर चपलेतूनही चटके बसत होते, आणि आत पाऊल टाकलं तर — सावली. मी पुन्हा तशीच थक्क. भिंतींवरून हात फिरवत राहिले. पश्चिमेच्या भिंतीला दत्ताभाऊंच्या आईची खाट होती. मावशींनी माझा हात धरून भिंतीला लावला.

"गार हाय का गं पोरी? मला हितं ऊन लागल्यावानी वाटतंय."

तळव्याला धग लागली. लहानपणापासून ओळखीची. दत्ताभाऊ कौतुकाने दारात उभे होते. मी म्हणाले, "गारच आहे, मावशी."

"मग माझंच अंग तापतंय," त्या हसल्या. "तू तपासतीस, तुलाच कळनार."

स्वतःचा हात त्यांनी खोटा मानला — माझ्या एका शब्दावर.

तीन उन्हाळे झाले. खाट अजून तिथेच आहे. दुपारी मावशी अंगावर ओला टॉवेल घेऊन पडतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात — भिंत गार हाय, आमच्या दत्ताच्या कंपनीची हाय.