दुसऱ्याच्या हातचा पाव

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत तिला सगळे कडकमावशी म्हणायचे. तिची इस्त्री फिरली की चादरीची चुरगळायची काय बिशाद! माणसांच्या बाबतीतही तोच खाक्या. एखादं माणूस मनातून उतरलं की उतरलं, मग त्यानं डोकं आपटून घेतलं तरी बाई ढिम्म. आणि सगळ्यांत जास्त उतरली होती ती तिची सख्खी धाकटी बहीण.

कारणही तसंच होतं, उगाच नाही. आई धाकटीकडे राहायची. आई शेवटच्या घटका मोजत होती आणि धाकटीनं हिला फोन केला नाही. केला तो सगळं आटोपल्यावर. वर म्हणाली काय, तर "तुझी उगाच धावपळ नको म्हणून." धावपळ! दोन गल्ल्यांपलीकडे राहणारीची? पुढे शेजारणीकडून कळलं, की आई दुपारभर "मोठी आली का, मोठी आली का" असं विचारत होती. ते ऐकलं आणि कडकमावशीच्या पोटात जो निखारा पडला तो पडलाच.

दोघी एकाच चर्चला जायच्या, पण एक या टोकाला, एक त्या टोकाला. त्या मंडळीत प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत पाव वाटून खाण्याची, एक जुनी रीत होती. पाव कुणी आपल्या हातानं घ्यायचा नाही. बाकाच्या कडेला बसलेल्याकडे ताट यायचं. त्यानं तुकडा मोडून शेजाऱ्याच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचं, "हा तुझ्यासाठी मोडला. कृपा विसरू नकोस." शेजाऱ्यानं तसंच पुढच्याला द्यायचं, आणि बाकावरच्या शेवटच्यानं पहिल्याला. जुनी माणसं म्हणायची, एकट्यानं बसून कृपा आठवत नाही, दुसऱ्यानं ती तोंडावर सांगावी लागते.

कडकमावशीला नेमका तिथंच डाव सापडला. धाकटीच्या शेजारी बसायचं, ताट हातात घ्यायचं आणि द्यायचं नाही. आईला वाट बघायला लावलीस ना, आता तूही बस सगळ्यांदेखत हात पसरून.

ओल्या चादरीची दोन टोकं धरून झटकताना तिनं हे जोडीदारणीला सांगितलं. ती बिचारी हबकलीच. "मावशी, अहो प्रभूच्या ताटावरून सूड?"

"मग कुठल्या ताटावरून घेऊ?"

"मी नवऱ्याला घराबाहेर काढायला निघाले होते, तेव्हा तुम्हीच मला सांगितलंत ना, कृपा विसरू नकोस म्हणून?"

"तुझा नवरा नुसता वेंधळा होता. आणि दुसऱ्याला सांगायला काय जातंय? चादर ताण नीट."

रविवारी ती लवकर गेली आणि धाकटीच्या नेहमीच्या, भिंतीलगतच्या बाकावर कडेला ठाण मांडून बसली. तमाशा सगळ्यांना नीट दिसला पाहिजे म्हणून बाकभर पिशवी, छत्री, स्वेटर पसरून ठेवला. जो येईल त्याला "जागा नाही" म्हणून परतवलं. धाकटी आली तेव्हा मात्र सगळं उचललं. धाकटी दचकली, पण आत सरकली.

ताट आलं. धाकटीनं हात पुढे केला. कडकमावशी ताट मांडीवर घेऊन सरळ समोर बघत राहिली. पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या. काय गार वाटलं म्हणून सांगू तिला! बघा, डोळे भरून बघा. धाकटीचा हात तसाच पसरलेला. राहू दे मेलीचा.

मग धाकटीनं तो हात ताटात घातला आणि तुकडा मोडला. स्वतःच घेतेय, निर्लज्ज कुठली, असं कडकमावशीच्या मनात आलं, तोवर तुकडा हिच्याच पुढे आला होता. बाकावर तिनंच जागा ठेवली होती ती दोघींपुरती. म्हणजे शेवटची धाकटी, आणि हिला द्यायची पाळी तिचीच. घ्या! एवढा डाव रचला आणि हे साधं डोक्यात आलं नव्हतं.

"हा तुझ्यासाठी मोडला, ताई." धाकटी अडखळत म्हणाली. "आईनं तुला बोलवायला सांगितलं होतं. फोन माझ्या हातात होता. पण जन्मभर ती तुझंच नाव घ्यायची गं. शेवटी तरी माझ्या एकटीची असावी असं वाटलं मला. धावपळीचं सगळं खोटं होतं. कृपा विसरू नकोस."

कडकमावशीचा हात शिवशिवला, एक ठेवून द्यावी म्हणून. कबुली ऐकून राग ओसरायचा, तर तो उलट उसळला. तिनं तुकडा हिसकावला आणि तोंडात टाकला. चावता चावता तिच्या ध्यानात आलं, की जिला उपाशी ठेवायचं तिच्याच हातचं आपण खातोय, आणि ती बया अजून रिकाम्या हातानं बसलीय.

तिनं तुकडा मोडला. "हा तुझ्यासाठी मोडला," ती दातओठ खात म्हणाली आणि तिथंच थांबली.

धाकटीनं तुकडा घेतला, पण खाल्ला नाही. गाणं झालं, आशीर्वाद झाला, माणसं उठून दाराकडे निघाली. धाकटी तळहातावर तुकडा घेऊन तशीच बसून.

"खा की आता!"

"तू पुढचं म्हणाली नाहीस अजून."

"नाही म्हणवत मला! तुझा राग येतो मला, समजलं? आईची ती दुपार मला परत आणून देणारेस का तू?"

"नाही गं ताई. कुठून आणू?"

कडकमावशीनं पिशवी उचलली आणि पुन्हा बाकावर आदळली. "कृपा विसरू नकोस!" ती एकदाची ओरडलीच. दारातली माणसं मागे वळून बघायला लागली. धाकटीनं तुकडा तोंडात घातला आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

"आधी गिळ, मग रड," कडकमावशी खेकसली.

धाकटीनं गिळलं, डोळे पुसले. "पुढच्या रविवारी इथंच बसशील?"

"बसावंच लागेल. आत्ता म्हटलंय ते उद्या सकाळपर्यंतसुद्धा टिकायचं नाही माझ्यात. तेव्हा पुढच्या वेळी तू आधी मला सांग."