दगड कोरडा फिरतोय

अण्णांची गिरणी शहागंजच्या मागच्या गल्लीत आहे. या पावसाळ्यात ती चालू ठेवायची की बंद करायची, यावरून माझं आणि माझ्या भावाचं बोलणं तुटायची वेळ आली होती. अण्णा म्हणजे आमचे वडील, वय एकोणऐंशी. भाऊ चितेगावला एका कारखान्यात आहे. त्याचं म्हणणं, या वयाच्या माणसाला चालत्या पट्ट्याजवळ उभं करायचं नसतं. मी म्हणायची, धोक्याच्या पाट्या वाचून वाचून तुला घरातसुद्धा धोकाच दिसायला लागलाय. तो रागानं फोन ठेवायचा. पोरगं काय म्हणतंय, असं अण्णांनी विचारलं की मी सांगायची, मजेत आहे.

खरं तर भावाला जे नुसतं वाटत होतं, ते मला दिसत होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी अण्णांबरोबर गिरणीत बसते. पाडव्याच्या सुमारास त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या खालांचा गव्हाचा डबा भलत्याच बाईंच्या हवाली केला. खाला हसून म्हणाल्या, होता है. पुढं एकदा त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या उपवासाच्या भगरीवर बाजरी ओतली. या माणसानं जन्मभर उपवासाचं दळण घेण्याआधी दगड पुसला, पहिली मूठ बाजूला काढली आणि मगच डबा लावला. त्यांच्या हातून हे व्हावं! मी नवी भगर आणून दळून दिली आणि चूक माझ्या अंगावर घेतली. आषाढात तर ते मोटार चालूच ठेवून घरी जेवायला आले. ताटावर बसल्यावर मोटार बंद केली ना, असं मी सहज विचारलं म्हणून कळलं, आणि मी अनवाणी पळत गेले.

यातलं अक्षरही मी भावाला सांगितलं नाही. गिरणी सुटली तर अण्णा चार महिन्यांत अंथरूण धरतील, ही माझी धास्ती होती. ती उगाच होती असं मला आजही वाटत नाही.

श्रावणात भाऊ म्हणाला, रविवारी येतो, काय ते ठरवून टाकू. त्याच्या आदल्या गुरुवारी मी अण्णांना गाडीत घातलं आणि देवगाव रंगारीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला घेऊन गेले. तिकडच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं, की धबधब्याला लागूनच पाण्यावर चालणाऱ्या जुन्या चक्कीची पडझड शिल्लक आहे. अण्णांनी वर्षभर तेच धरून ठेवलं होतं. शहरातली पाणचक्की बघायला लांबून लोक येतात, पण अण्णा तिला नावं ठेवायचे. जी पीठ देत नाही ती कसली चक्की, म्हणायचे. माझा बेत वेगळाच होता. अण्णा तिथं एकेक गोष्ट समजावून सांगतील, मी मोबाईलवर त्यांचं चित्रण करीन आणि भावाच्या तोंडावर मारीन. बघ म्हणावं, या माणसाचं डोकं तुझ्यापेक्षा चांगलं चालतंय.

धबधबा फार मोठा नव्हता, दोन-अडीच पुरुष उंच. पण पाणी भरपूर आणि स्वच्छ होतं. खाली डोह आणि डोहाच्या काठाला वेफर्सच्या पिशव्या. शेजारीच काळ्या दगडाच्या तीन भिंती उभ्या होत्या. आत एक भलंमोठं जातं कलंडून पडलेलं, आणि त्याच्या अंगाला, उजव्या हाताला, तीन पायऱ्या उतरून एक खड्डा, तळाशी घोटाभर पाणी. पूर्वी चाक फिरायचं ते त्या खड्ड्यात. पलीकडच्या चढावर एक धनगराची बाई शेळ्या चारत होती. बाकी कुणी नव्हतं.

अण्णा असे खुलले की विचारू नका. पाणी उतारावरून कसं खाली सोडायचे, ते चाकाच्या पंखांवर कसं बसायचं, चाकाचा दांडा वर येऊन वरचा दगड कसा फिरवायचा, सगळं त्यांनी हातानं दाखवत सांगितलं. मग जात्यावरच्या खाचांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, या खाचांना टाकी मारणारा डावखुरा होता. मला इतका आनंद झाला की मी मोबाईल तसाच धरून, दोनदा विचारून ते पुन्हा बोलायला लावलं. भावाला आता काय बोलायला जागा राहिली, असं मनातल्या मनात म्हणत होते.

मग ते भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. गिरणीतही ते असेच बसतात. दगडाच्या घरघरीत त्यांना झोप लागते. वरच्या डब्यातलं धान्य संपत आलं की आवाज बदलतो, आणि ते झोपेतून उठून मोटार बंद करतात. गिऱ्हाइकं यावरून त्यांची थट्टा करतात, पण दगडावर दगड घासलेला कुणी कधी पाहिलेला नाही.

पाचेक मिनिटं झाली असतील. अण्णांनी डोळे उघडले, उठले आणि तरतरा त्या तीन पायऱ्या उतरून खड्ड्यात गेले. मला वाटलं, चाकाची जागा जवळून बघायची असेल. ते माझ्याकडं पाठ करून उजव्या हातानं भिंत चाचपत होते. मी विचारलं, काय शोधताय?

"खटका कुठं गेला?" ते वैतागून म्हणाले. "दगड कोरडा फिरतोय, ऐकू येत नाय का तुला?"

आमच्या गिरणीत मोटार खड्ड्यात आहे. तीन पायऱ्या उतरायच्या, उजव्या हाताला भिंतीवर खटका. हा माणूस शहागंजात उभा होता.

पलीकडून ती बाई ओरडत होती, केव्हापासून कोण जाणे. "ए माय, म्हाताऱ्याला काढ तिथून. शेरडं वर पळाली, पानी येतंय." मला धबधब्याच्या आवाजात अजूनही काही फरक कळत नव्हता. पण अण्णांच्या घोट्याशी खेळणारं पाणी आता चहासारखं लाल झालं होतं.

मी खाली उतरून त्यांचा दंड धरला. त्यांनी तो असा हिसडला की मी भिंतीवर आदळले. जन्मात कधी माझ्यासमोर शिवी दिली नाही, ती त्यांनी दिली. सोड, दगड झिजतोय, असं ओरडत ते भिंत बडवत राहिले. तेवढ्यात ती बाई दगडांवरून उड्या टाकत आली आणि काही न विचारता तिनं त्यांच्या काखेत हात घातला. आम्ही दोघींनी त्यांना ओढत भिंतीबाहेर आणि तसंच वर चढावावर नेलं. अण्णांची एक चप्पल खालीच राहिली.

मग पाणी आलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं आणि कड्यावरून चिखल, फांद्या आणि दगड खाली कोसळत होते. तो खड्डा आधी भरला. मी तिकडं बघितलं तेव्हा होता, पुन्हा बघितलं तेव्हा नव्हता. मी खाली बसले होते. अण्णा उभेच होते. ते पाण्याकडं बघत राहिले, मग आपल्या उजव्या हाताकडं, आणि मग हळूच खाली बसले.

त्या बाईनं तिच्या बाटलीतलं पाणी त्यांना पाजलं. वरच्या डोंगरात लई पाऊस झाला असंल, म्हणाली. मग तिनं सरळ त्यांनाच विचारलं, त्यांच्या हातून चूक झाल्यावर मी इतक्या महिन्यांत तसं एकदाही विचारलं नव्हतं.

"बाबा, तिथं काय करत व्हता?"

"गिरणी बंद करत होतो," अण्णा म्हणाले.

ती हसली नाही. तिनं मान हलवली आणि शेळ्यांकडं गेली.

गाडीत बसलो. मी किल्ली लावली. अण्णा समोर बघत होते.

"पाणी बदललं ते मला बरोबर कळलं," ते म्हणाले. "कान चांगले हायेत. पण मी कुठं हाय तेच कळंना, माय."

होतं असं कधी कधी, मी म्हणाले. माझ्या तोंडात ते वाक्य तयारच असायचं.

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "याआधी बी झालंय का?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण त्या दिवशी ते जमलं नाही. मी खालांचा डबा सांगितला, भगर सांगितली. भगर कुणाची होती ते त्यांनी विचारलं, तेही सांगितलं. मग आषाढातलं सांगितलं.

"तवा गिरणीत कोण होतं?"

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. एक बाई दळणाची वाट बघत होती, मी म्हणाले. तिची चारेक वर्षांची मुलगी खड्ड्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती.

अण्णांनी डोळे मिटून घेतले. मी गाडी सुरू केली नाही. बाहेर पाण्याचा आवाज येत होता.

"मला सांगायचं ना गं," ते म्हणाले. "त्याच दिवशी मीच कुलूप लावलं असतं."