तीन रविवार आणि मावशीचे दीडशे रुपये

सुमे, कुडाळच्या स्टँडवर मुंबईची एस.टी. सुटली तेव्हा आई खिडकीखालून एवढंच म्हणाली, "सुमीचा शिक्षण आता तुझ्यावर गो." तू बाजूला उभी होतीस, कॉलेजच्या वसतिगृहाचा फॉर्म छातीशी धरून. मी रडले नाही. खरं सांगते, मला मिरवावंसं वाटत होतं.

घाटकोपरला मावशीची दीड खोली. मुलुंडच्या औषध कंपनीत पॅकिंगला लागले, पगार साडेचारशे. दहावीला गणितात आपटले होते, म्हणून संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. तिथे साळवेबाई असमीकरणं, म्हणजे लहान-मोठ्याच्या चिन्हांची गणितं, शिकवायच्या. म्हणायच्या, "अगं, संसारात बरोबरचं चिन्ह सापडतं का कुठे? एवढं तरी हवंच आणि याच्यापुढे नाही, यातच जगायचं." मला ते चटकन कळलं, आपण तशाच तर वाढलो.

वही घेऊन बसले. पास चाळीस, वर्ग तीस, वरखर्च पन्नास, तुझं वसतिगृह किमान सव्वादोनशे. ऐटीत बसलं, वर शंभरेक उरले! बहिणीची पोर मावशीकडे जेवते, त्याचे पैसे कसले, हे मी धरूनच चालले होते. मग मावशीने दुधाची एक बाटली बंद केली आणि माझी मलाच लाज वाटली.

पैसे पुढे केले तर भडकली. "बहिणीच्या चेडवाकडसून जेवणाचे पैसे घेव? लोक थुंकतले!"

मग तिचंच गणित मांडलं. काकांचा पगार साडेसहाशे, माझ्यासकट खर्च आठशे. म्हणजे माझ्याकडून किमान दीडशे. तिला अक्षरओळख नव्हती. चिन्हाचं उघडं तोंड मोठ्या आकड्याकडे असतं, एवढंच सांगितलं. तिने चिन्हावर बोट ठेवलं.

"ह्या तोंड खर्चाकडे उघडा?"

"हो."

"मगे सुमीचा कसा करतलंस?"

दीडशे दिले की मला पंचेचाळीस कमी पडत. रविवारच्या ओव्हरटाइमचे पंधरा मिळत. तीन रविवार तरी हवेच, आणि महिन्यात रविवार चार. जमत होतं! उरलेला रविवार अभ्यासाला. गणितात पास झाले. तुझी एकही मनीऑर्डर चुकली नाही आणि तू आपल्या घरातली पहिली पदवीधर झालीस. त्याचा मला अभिमान आहे, तो मी कशाला लपवू?

घर कुठलं विचारलं की मी घाटकोपर सांगते, म्हणून तू रागावतेस. पण पाहुणीकडून कुणी पैसे घेत नाही गं. त्या पहिल्या महिन्यात मावशीने दीडशे रुपये घेतले, डब्यात ठेवले आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमचा चेडू घर चालवता."